इंजिनाचा घसा

४ जानेवारी

बारके,

तब्येत, हवापाणी वगैरे सगळं ठीक आहे असं समज आणि लगेच कामाचं ऐक. माझ्या मॉन्स्टर ट्रकला मोठं इंजिन हवंय.

तू ती गाडी मला विकलीस तेव्हा म्हणाली होतीस, ‘भावोजी, रिमोटवर चालत असली तरी ही बॅटरीवरची नाही हं. खरं इंजिन आहे, नायट्रो पिते आणि धूर सोडते.’ तेव्हा खरंच तसं होतं. पूर्ण वेग दिला की अशी किंचाळायची की गोदामामागच्या मैदानावरची कुत्री पळून जायची. आता घसा बसलाय तिचा. नुसती गुरगुरते. परवाच्या रविवारी त्या चष्मेवाल्यानं, दुकानात लोकांचे डोळे तपासतो तोच, मला उतारावर मागे टाकलं आणि वर विचारलं, “काय दारवाले, बिजागरीला तेल कमी पडलं काय?” निदान तसंच काहीतरी. तो अलीकडे फार तोंडातल्या तोंडात बोलतो.

तर माझ्या गाडीत बसेल असं सगळ्यात दांडगं इंजिन कोणतं ते निवड आणि पाठव. किंचाळणारं हवं. सोबत इंजिन पेटवणारे चार ग्लो प्लगही पाठव, आधीचे संपले.

आणि फोन करू नकोस. फोनवर तू मशीनगनसारखी बोलतेस, मला इंजिनाचे नंबर लिहून घेता येत नाहीत. पत्रच बरं.

तुझा,
भावोजी

---

११ जानेवारी

भावोजींना धाकट्या मेहुणीचा लांबूनच नमस्कार (जवळ आले तर धुराचा वास येतो),

आजच्या काळात मला पत्र पाठवणारे तुम्ही एकटेच. पोस्टमनला वाटतंय माझं कुठे जमतंय की काय. मी त्याला सांगितलं, दारं बनवणारे माझे भावोजी आहेत, इंजिनाच्या प्रेमात पडलेत. तो जरा नाराजच झाला.

आता दांडग्या इंजिनाबद्दल. तुमच्या गाडीत सध्या आहे ते एकविसाच्या मापाचं. त्याच मापाचं पण जास्त जोर देणारं, थंड राहायला मोठं हेड असलेलं एक माझ्याकडे आहे. ते बदलायला बाकी काही उघडावं लागणार नाही. मग पंचविसाचं येतं. आणि तुमच्या स्वप्नात येतंय ते अठ्ठाविसाचं. ते बसतं, नाही असं नाही. पण ते बसवलंत की क्लचचा गिअर बदला, मग मोठं चाक बदला, कारण प्लॅस्टिकचे दात तो जोर सोसणार नाहीत. इंधनही दुप्पट पिणार, आणि वेग दिला की गाडीची पुढची चाकं हवेत. शिवाय नवं इंजिन सुरुवातीला काही टाक्या हळूहळू चालवून रुळवावं लागतं. हळूहळू, भावोजी. बशीतला चहा निवेपर्यंतही तुम्हाला धीर नसतो, म्हणून आठवण करून दिली.

पण त्याआधी मला सांगा, एवढे ग्लो प्लग तुम्ही करता काय? भाजून खाता? एखाद्या दुकानदाराचीही मागणी एवढी नसते. चांगल्या इंजिनात एक प्लग कितीतरी दिवस जातो. म्हणून नवं इंजिन निवडण्याआधी जुन्याचं दुखणं कळू द्या. गाडी जोरात धावते तेव्हा मागे धुराची रेघ दिसते का? थांबवल्यावर हेडवर पाण्याचा थेंब टाकला तर काय होतं? आणि कोणाकडे तरी घड्याळ देऊन एका फेरीला किती वेळ लागतो ते बघा.

ताईला सांगा, फोन कर.

तुमची,
बारकी

---

१९ जानेवारी

बारके,

डॉक्टरकडे औषध मागायला जावं आणि त्यानं रक्त-लघवी तपासायला पाठवावं, तसं तुझं पत्र आलं. पण तपासलं सगळं.

धूर: नाही. पाण्याचा थेंब: टाकल्या टाकल्या चर्र करून गायब. हात लावायची सोय नाही. फेरीचा वेळ: फेरी पूर्ण झालीच नाही. अर्ध्यात ‘भुस्स’ झालं आणि मला मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जाऊन गाडी काखेत धरून आणावी लागली. लहान मूल शाळेतून आणतात तशी. सगळे हसले. हसताना मात्र त्यांचा आवाज व्यवस्थित येतो.

इंधन किती जायचं ते ठरवणारा तो पितळी स्क्रू मी चांगला घट्ट केलाय. कारण उघड आहे. घट्ट केला की इंजिन ओरडतं, हे तूच शिकवलंस. ओरडेना म्हणून आणखी घट्ट केला. तरीही ओरडेना. म्हणजे दम संपला. साधा हिशेब आहे.

सध्या माझे दिवसच तसे चाललेत. एका गिऱ्हाइकानं सात फुटी दार सांगितलं आणि मी आठ फुटी करून ठेवलं. तो म्हणतो मी सात म्हणालो. मी म्हणतो तू आठ म्हणालास. लोकांना हल्ली स्पष्ट बोलायला काय होतं कोण जाणे. तुझी ताईसुद्धा पुटपुटते. पाळणाघरातल्या पोरांवर ओरडून ओरडून तिचा घसा गेला असावा. तिला फोन करायला सांगितलं, ती काहीतरी बोलली.

अठ्ठाविसाचंच पाठव. चाकं हवेत जातात ना? जाऊ देत.

भावोजी

---

२४ जानेवारी

भावोजी,

घाईत लिहितेय. तुम्ही त्या इंजिनाला तंदुरीत घातलंय! इंधन कमी, हवा जास्त झाली की ते आतल्या आत तापतं, प्लग जळतात, आणि शेवटी पिस्टनच अडकून बसतो. बिचारं इतके दिवस तग धरून आहे, म्हणजे मी माल चांगला दिला होता.

सोबत प्लग आणि लांबून उष्णता मोजणारं छोटं यंत्र पाठवतेय. स्क्रू जवळजवळ एक पूर्ण फेरा उघडा. मागे निळसर धुराची बारीक रेघ दिसायला हवी आणि हेड एकशे दहा अंशांच्या आसपास राहायला हवं. मग पुन्हा थोडाथोडा घट्ट करत आणा. थोडाथोडा म्हणजे घड्याळाच्या काट्याएवढा, बिजागरीच्या स्क्रूएवढा नव्हे.

कान वापरा. धूर आणि आकडे खोटं बोलत नाहीत, पण शेवटचं बारीक जुळवणं कानानंच होतं.

बारकी

---

२ फेब्रुवारी

लाडके बारके,

हे पत्र तुझ्या भावोजींना माहीत नाही. फोनवर बोलले असते, पण पोरं असेपर्यंत घरात कोणाचं कोणाला ऐकू जात नाही, आणि पोरं गेली की तो घरात असतो.

तू त्याला मोठं इंजिन देऊ नकोस. आहे त्या इंजिनातच माणूस हरवलाय. गेलं वर्ष-दीड वर्ष तो माझ्याशी धड बोलत नाही. भांडण नाही, काही नाही. मी काही सांगायला लागले की तो खोलीतून निघून जातो. माझं वाक्य अर्धवट असताना! जेवताना विचारलं तर ‘हो’ म्हणतो, आणि ते ‘हो’ कशाला होतं हे त्यालाही माहीत नसतं. गुडघ्याच्या तपासणीची तारीख मी त्याला सांगितली होती. तो त्या दिवशी मैदानावर गेला. मी रिक्षा करून एकटी जाऊन आले. संध्याकाळी विचारतो, “आज कुठे गेली होतीस?”

पोरं ऐकत नाहीत याची मला सवय आहे, तो माझा धंदाच आहे. पण दोन वर्षांचं पोरसुद्धा निदान तोंडाकडे बघून नाही म्हणतं.

मी विचार करतेय की पुढच्या महिन्यात पाळणाघर मदतनीस बाईवर सोपवून तुझ्याकडे येऊन राहावं. किती दिवस ते आल्यावर बघू. त्याला पत्ता लागेपर्यंत निदान एक आठवडा जाईल.

तो बरा माणूस आहे गं. पण भिंतीशी बोलून मी थकले.

ताई

---

७ फेब्रुवारी

भावोजी,

अठ्ठाविसाचं इंजिन सध्या दुकानात नाही. कधी येईल सांगता येत नाही. पंचविसाचंही नाही. बहुधा एकविसाचंही संपेल.

तोपर्यंत एक काम करा. गाडीशी बोलता त्याच्या निम्मं तरी ताईशी बोला. ती काही सांगत असेल तेव्हा उठून जाऊ नका. नाहीतर मी मेहुणी आहे हे विसरून बहीण होईन, आणि ते तुम्हाला परवडणार नाही.

बारकी

---

१६ फेब्रुवारी

बारके,

एखाद्या दुकानातली सगळी इंजिनं एका आठवड्यात संपल्याचं मी पहिल्यांदाच ऐकतोय. खोटं बोलताना तुझी वाक्यं आखूड होतात, हे तू परकर-पोलक्यात होतीस तेव्हापासून मला माहीत आहे.

ताईशी मी बोलतोच. तीच पुटपुटते, तेही बरोबर मी पाठ फिरवल्यावर. मी उठून जातो कारण तिचं बोलणं संपलेलं असतं. तिनं तुला काय लिहिलंय?

असो. स्क्रू उघडला. आणि आता एक चमत्कार ऐक. धुराची रेघ आली, निळसर, अगदी तू म्हणालीस तशी. यंत्रावर एकशे बारा दिसलं. मास्तरांनी घड्याळ लावलं. ते आमच्यातले सगळ्यात वयस्कर, शाळेतून निवृत्त झाले तरी सगळ्यांना मार्क देतात. तर फेरी या मैदानावरची आजवरची सगळ्यात वेगवान! चष्मेवाल्याला मी दोन वेळा मागे टाकलं. पोरंटोरं टाळ्या वाजवत होती. मास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “काय गातंय हो इंजिन!”

आणि बारके, मला ते गाताना ऐकू आलं नाही. आधीसारखंच गुरगुरत होतं. घसा बसलेलं इंजिन शर्यत कसं जिंकतं ते मला कळेना. जिंकून घरी आलो, पण मजा आली नाही. गाडी पुसून ठेवून दिली.

म्हणून म्हणतो, मोठंच पाठव. वेग नसला तरी चालेल. आवाज हवा.

भावोजी

---

२१ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

हे पत्र दुकान लवकर बंद करून लिहितेय. चेष्टा करायची सवय आहे, मध्येच आली तर माफ करा.

तुमची सगळी पत्रं मी काउंटरवर शेजारी शेजारी मांडली. ताईनं लिहिलेलंही त्यांच्या बाजूला ठेवलं. होय, तिनं लिहिलंय, तुम्ही बरोबर ओळखलंत. तिला वाटतं तुम्ही तिला टाळता. तुम्हाला वाटतं ती पुटपुटते. चष्मेवाला तोंडातल्या तोंडात बोलतो, गिऱ्हाईक ‘सात’ स्पष्ट म्हणत नाही, मी फोनवर मशीनगन होते, आणि इंजिन गाणं म्हणायला विसरलं. पण मास्तरांना ते ऐकू येतं. टाळ्या वाजवणाऱ्या पोरांना ऐकू येतं. एवढ्या सगळ्यांचा घसा एकाच वर्षात कसा बसेल, भावोजी?

इंजिन पूर्ण वेगात असतं तेव्हा त्याचा सगळा तजेला वरच्या, बारीक, टोकदार आवाजात असतो. खालची गुरगुर असतेच. तुम्हाला फक्त गुरगुर ऐकू येतेय. ‘सात’ मधला ‘स’ काढून टाका, जवळजवळ ‘आठ’च उरतं. तुम्ही इतकी वर्षं करवतीच्या आणि रंध्याच्या मशीनसमोर उभे आहात, कानात कापसाचा बोळासुद्धा न घालता. दुखणं इंजिनाचं नाही, तुमच्या कानांचं आहे. पडद्याचं की आणखी कशाचं ते डॉक्टर सांगेल, मी इंजिनाची दुकानदार आहे.

मला गाडीची काळजी नाही. मागून कोणी ‘बाजूला व्हा’ म्हणालं आणि तुमचा हात त्या करवतीजवळ असला, तर? ती फिरतेय हे तुम्हाला ऐकून कळतं की बघून, हे एकदा स्वतःला विचारा.

एवढंच करा. पुढच्या रविवारी ताईला मैदानावर घेऊन जा. इंजिन चालू करा, आणि तिला विचारा की तिला काय ऐकू येतं. कानाच्या डॉक्टरकडे जायचं की नाही ते मग ठरवा.

तुमची,
बारकी

---

१५ मार्च

भावोजी,

तीन आठवडे पत्र नाही. पोस्टमन माझ्याकडे सहानुभूतीनं बघायला लागलाय.

रागावलात? रागवा, पण कागदावर.

बारकी

---

१९ मार्च

आदरणीय मेहुणीबाईंस,

मी बहिरा नाही. मला सगळं ऐकू येतं. लोकांनी नीट बोलावं.

अठ्ठाविसाचं इंजिन मी दुसऱ्या दुकानातून मागवणार आहे. तसदीबद्दल क्षमस्व.

एक गिऱ्हाईक

---

७ एप्रिल

बारके,

आधीचं पत्र फाडून टाक. ‘एक गिऱ्हाईक’ हा माणूस मूर्ख होता.

इंजिन मागवलं नाही. रागात होतो, त्या दुसऱ्या दुकानाला फोन लावला. पलीकडची मुलगी काय बोलली ते मला एक अक्षर कळलं नाही. मी म्हटलं, परत सांगा. तिनं परत सांगितलं. पुन्हा काही नाही. मी फोन ठेवून दिला आणि त्याच्याकडे बघत बसलो. म्हटलं, हिचा घसा तुझ्या ताईसारखा बसायचं तर काही कारण नाही.

रविवारी तुझ्या ताईला म्हटलं, “मैदानावर येतेस?” तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला चंद्रावर चल म्हणालो. इतक्या वर्षांत तिला मी कधी विचारलं नव्हतं, हे तिच्या बघण्यावरून लक्षात आलं. आली. उन्हाची टोपी घालून, हाताची घडी घालून उभी राहिली.

गाडी सुरू केली. पूर्ण वेग दिला. गाडी मैदानाला फेरी मारून आली आणि मी तुझ्या ताईला जवळ जाऊन विचारलं, “कसं ऐकू येतंय?” ती काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, “म्हणजे कसं?” तिला तोंडानं सांगता येईना. तेव्हा तिनं दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. म्हणजे, तिनं मारली असावी.

तिची शिट्टी तुला माहीत आहे. पाळणाघरातली पोरं अंगणभर पसरलेली असली तरी त्या एका शिट्टीत गोळा होतात. लग्नाआधी मी वर्कशॉपच्या माळ्यावर असायचो तेव्हा ती रस्त्यावरून त्याच शिट्टीनं मला खाली बोलवायची. खाली दोन मशीन चालू असली तरी ती मला ऐकू यायची.

बारके, मी तिच्या समोर हातभर अंतरावर उभा होतो. तिचे गाल फुगलेले दिसले. चष्मेवाल्यानं कानांवर हात ठेवले. लांब झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं. आणि मला वाऱ्यासारखं काहीतरी गेल्याचं जाणवलं, बस.

मी म्हटलं, “परत मार.” तिनं परत मारली. मी म्हटलं, “परत.” तिसऱ्यांदा बोटं तोंडाकडे नेता नेता तिचा हात थांबला. तिला समजलं. भर मैदानात, चारचौघांत, तिनं माझे दोन्ही कान धरले. ओढायला नव्हे, नुसते धरले. आणि माझ्या तोंडासमोर येऊन सावकाश म्हणाली, “म्हणजे तू मला टाळत नव्हतास?”

ते मला स्पष्ट ऐकू आलं. अर्धं ऐकू आलं, अर्धं ओठांवरून कळलं.

मास्तरांनी तेवढ्यात रिमोट माझ्या हातातून काढून घेतला नसता तर गाडी थेट नाल्यात गेली असती.

डॉक्टरकडे जाऊन आलो. एका छोट्या बंद खोलीत बसवून कानात पिपाण्या वाजवतात आणि ऐकू आलं की बटण दाबायचं. बराच वेळ मला वाटलं, अजून सुरूच झालं नाही. बाहेर आल्यावर डॉक्टरबाईंनी कागदावरची रेघ दाखवली. सुरुवातीला सरळ जाते आणि मग आपल्या मैदानाच्या उतारासारखी खाली येते. म्हणाल्या, गेलेलं परत येणार नाही, पण यंत्रानं बरंच भागेल, आणि उरलंय ते जपा. करवतीजवळ आता आवाज अडवणारे मोठे बंद कानांवर घालूनच उभं राहायचं, तेही रोज, कायमचं.

तुझं ते पत्र आल्यावर मी रागावलो होतो असं नाही. घाबरलो होतो. हे तुझ्या ताईला सांगू नकोस, तिला मी रागावलो होतो असं सांगितलंय.

भावोजी

---

१३ एप्रिल

भावोजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला सांगितलं डोळ्यात इंधनाचा शिंतोडा उडाला.

‘एक गिऱ्हाईक’ याचं पत्र मी फाडणार नाही. चौकट करून काउंटरमागे लावणार आहे, उधारी मागणाऱ्यांना दाखवायला.

कानातली यंत्रं आली की पहिल्या दिवशी सगळंच अंगावर येतं म्हणतात, चमचे, नळ, वर्तमानपत्राची पानं. घाबरू नका. नव्या इंजिनासारखंच आहे, सुरुवातीला हळूहळू रुळवावं लागतं. धीर धरा. बशीतला चहा आठवा.

आणि माझ्या दुकानात अठ्ठाविसाची दोन इंजिनं होती. कायम होती. आता सांगायला हरकत नाही.

बारकी

---

१० मे

बारके,

यंत्रं आली. तू म्हणालीस त्याच्या दसपट. आमच्या फ्रिजला आवाज आहे! माझ्या चपला बोलतात! पाळणाघरात गेलो तर असं वाटलं की कोणीतरी भांड्यांचं दुकान जिन्यावरून ढकललंय. तुझी ताई या सगळ्यात रोज आठ तास बसते आणि तरी शहाणी आहे.

पण जे सांगायचं ते वेगळंच. यंत्रं घालून घरी आलो तेव्हा ती ओट्याशी भाजी चिरत होती, माझ्याकडे पाठ. मी आल्याचं तिला कळलं, पण यंत्रं कानात आहेत हे कळलं नाही. मी नेहमीसारखं खुर्चीवर बसून वर्तमानपत्र उघडलं. आणि ती बोलत होती.

माझ्याशीच बोलत होती. आज कोणतं पोर कसं रडलं, त्याच्या आईला उशीर कसा झाला, गुडघा जिना उतरताना कसा धरतो, नळवाल्याला तिसऱ्यांदा निरोप दिला. मध्येच म्हणाली, “तुला काय त्याचं.” रागानं नाही, भाजी संपली असं म्हणावं तसं. आणि मग पुढे सुरू. उत्तर येणार नाही हे धरूनच चालली होती, मध्ये थांबतसुद्धा नव्हती.

दीड वर्ष ती असं रोज सगळं सांगत होती, बारके. मी मागे बसून पेपर वाचत होतो.

मग म्हणाली, “बारकीकडे जावं का चार दिवस? आता जायचं तसं कारण नाही म्हणा.”

मी म्हटलं, “कारण कशाला हवं? जा की. पण आधी नळवाल्याला मी आणतो.”

तिच्या हातातलं भाजीचं ताट खाली पडलं. काय आवाज झाला! मी कानांवर हात ठेवून ओरडलो आणि ती हसायला लागली. हसता हसता रडली, मग मला म्हणाली, “चोरासारखा ऐकत होतास!” आम्ही दोघांनी मिळून जमिनीवरची भाजी गोळा केली. रात्रीचं जेवण बाहेरून आणलं.

आता ती माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल जे बोलते तेही ऐकू येतं. त्यातलं निम्मं पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मोठ्या इंजिनाचं म्हणशील तर नको. आहे ते पुरे. चालू इंजिनाजवळ मला यंत्रं काढून बंद घालावे लागतात, म्हणून स्क्रू जुळवायचं काम तुझ्या ताईकडे दिलंय. मी गाडी चालवतो, ती शेजारी उभी राहून ऐकते आणि माझ्या खांद्यावर टिचकी मारते. एक टिचकी म्हणजे उघड, दोन म्हणजे घट्ट कर, आणि जोरात चापट म्हणजे मूर्खा, थांबव. चापटा जरा जास्तच बसतात. मला संशय आहे की सगळ्याच इंजिनासाठी नसतात.

तुझा,
भावोजी

---

८ जून

लाडके बारके,

परत एकदा हे पत्र तुझ्या भावोजींना माहीत नाही. पण या वेळी तक्रार नाही, ऑर्डर आहे.

अठ्ठाविसाचं इंजिन पाठव. त्याच्या गाडीसाठी नाही, माझ्यासाठी. मास्तरांनी डोळ्यांना झेपत नाही म्हणून त्यांची गाडी विकायला काढली, आणि मी घेतली. पाळणाघराच्या मागच्या खोलीत पाळण्याखाली लपवून ठेवली आहे. पोरं कोणाला सांगत नाहीत, निम्म्यांना अजून बोलता येत नाही.

तू त्याला लिहिलेली सगळी पत्रं मी वाचली आहेत, तेव्हा मला शिकवू नकोस. क्लचचा गिअर आणि मोठं चाक लोखंडी दातांचं सोबत दे. मोठ्या हेडचं दे, ऊन फार आहे. दोरी ओढून सुरू करायचं नको, माझा खांदा धरतो. मागून काठी घालून बटण दाबायचा स्टार्टर असतो ना, तो दे. एकविसाच्या जागी पंचविसाचं बघ असं म्हणशील, तेही बघून झालं. चष्मेवाल्याकडे पंचविसाचं आहे. उतारावर ते आधी छान सुटतं, पण वर चढताना त्याचा आवाज आतून पोकळ होतो, दम लागल्यासारखा. मी चार रविवार नुसतं ऐकलंय. अठ्ठाविसाचंच.

रुळवायला मी रोज दुपारी, पोरं झोपली की, मैदानावर जाणार. हळूहळू. माझ्याकडे धीर भरपूर आहे, गेल्या दीड वर्षात बराच साठलाय.

गुडघा बरा आहे. तपासणीला या वेळी तो सोबत आला होता. डॉक्टरांनी मला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यानंच दिलं. आता ऐकू येतं तर थांबतच नाही. मध्यंतरी मीच एकदा उठून दुसऱ्या खोलीत गेले.

त्याला काही सांगू नकोस. शर्यतीच्या दिवशी तो पुढे असेल आणि त्याला वाटेल की जिंकलोच. मग मागून माझी गाडी येताना त्याला ऐकू येईल. त्या दिवशी कानावर बंद लावले असले तरी ऐकू येईल, एवढं दांडगं इंजिन निवड.

तुझी,
ताई